हिसका गिअरचा, दुखणे दुसरीकडे

पावसाळा सरत आला की ऑटोमॅटिक गाड्यांच्या तक्रारी वाढतात. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पत्रांत शब्द वेगवेगळे असतात. कुणाची गाडी हिसका देते, कुणाची उडी मारते, कुणाची गिअरमध्ये पडतच नाही. शेवटची ओळ मात्र बहुतेकांची सारखीच : गॅरेजने गिअरबॉक्स उतरवायला सांगितलाय, उतरवू का? या अंकातल्या बहुतेक वाचकांना आमचे उत्तर 'अजून नको' असे आहे. खाऱ्या हवेत पहिला संशय घ्यायचा तो बॅटरी, अर्थिंग (वीज गाडीच्या धातूतून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी), सॉकेट आणि ऑईल यांचा. ते सगळे तपासून झाल्याशिवाय गिअरबॉक्सला पाना लावू देऊ नका.

आणखी एक. 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली आपल्याकडे चार निरनिराळी यंत्रे विकली जातात आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचे आणि गिअर बदलायचे काम तुमच्याऐवजी एक यंत्रणा करते. मारुती तिला एजीएस म्हणते, रेनो ईझी-आर. तिच्या दांड्यावर बहुधा 'पी' (पार्किंग) नसतो; 'आर' म्हणजे रिव्हर्स, 'एन' न्यूट्रल, 'डी' पुढे जायचा. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिनाची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सकडे जाते. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात, दोन पुल्यांमध्ये पोलादी पट्टा फिरतो. डीसीटीत एकाऐवजी दोन क्लच असतात. फोक्सवॅगनचे डीएसजी आणि टाटाचे डीसीए या जातीचे. पत्र पाठवताना तुमची गाडी यांतली कोणती ते जरूर कळवा. गाडीच्या पुस्तकात ते लिहिलेले असते.

प्रश्न : पेट्रोल गाडी, दहा वर्षे जुनी, चार गिअरची टॉर्क कन्व्हर्टर, ९६,००० किमी. घर उतारावर आहे. सकाळी 'पी'तून 'आर'मध्ये घेतली की धाडकन आवाज येतो. शिवाय दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हिसका बसतो. गिअरबॉक्स ओव्हरहॉल करायला सांगितला आहे. ऑईल 'आयुष्यभराचे' असल्याचे ऐकले होते म्हणून कधी बदलले नाही. (रत्नागिरी)

तुमच्या पत्रात दोन दुखणी मिसळली आहेत. उभ्या गाडीतला धक्का वेगळा आणि चालत्या गाडीतला हिसका वेगळा, म्हणून तपासही वेगवेगळा करावा लागेल.

आधी उभ्या गाडीचे पाहू. उतारावर गाडी थेट 'पी'त टाकून ब्रेक सोडला की तिचे सगळे वजन गिअरबॉक्समधल्या एका पोलादी दातावर लटकते. सकाळी 'आर'मध्ये घेताना तो ताणलेला दात सुटतो, त्याचाच आवाज. हा बिघाड नव्हे, पण रोज असेच चालले तर दात झिजेल. गाडी लावताना पायब्रेक दाबून 'एन'मध्ये या, हँडब्रेक पक्का ओढा, पायब्रेक हळू सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या. मग पुन्हा पायब्रेक दाबून 'पी' लावा. आठवडाभर हे करून बघा.

तरीही आवाज राहिला तर आरपीएमचा काटा बघा. थंड इंजिन सुरू होताच १,२०० ते १,५००वर फिरते आणि त्याच क्षणी गिअर टाकला तर धक्का बसणारच. काटा १,०००च्या खाली येईपर्यंत थांबा, अर्धा-एक मिनिट लागते. गरम झालेले इंजिन एसी बंद असताना ७०० ते ८००च्या आसपास फिरायला हवे. तेव्हाही ९००च्या वर राहत असेल तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून घ्या. तिसरा संशयित इंजिनाचे माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेले असते तो रबरी आधार. बॉनेट उघडा. एकाने आत बसून पायब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही घट्ट धरून 'डी' आणि 'आर' आलटून पालटून टाकावे. दुसऱ्याने गाडीच्या बाजूला उभे राहून इंजिनाकडे बघावे. समोर किंवा मागे कुणीही उभे राहू नये. इंजिन थोडे हलणारच. दोन बोटांहून जास्त उचलले जात असेल तर माउंटिंगचे रबर फाटले असे समजा. फाटलेल्या माउंटिंगचा धक्का थेट गिअरबॉक्समधून आल्यासारखा वाटतो, आणि याच एका गैरसमजापोटी धडधाकट गिअरबॉक्स उघडले जातात.

आता चालत्या गाडीचा हिसका, म्हणजे ऑईल. 'आयुष्यभराचे ऑईल' हे सांगणे आमच्या मते गाडीमालकाचे सरळ नुकसान करणारे आहे. ऑटोमॅटिकमधले ऑईल नुसते वंगण नसते. तेच दाब पोचवते, तेच आतले क्लच आवळते, तेच उष्णता बाहेर नेते. जुना ठोकताळा असा की ऑईल साधारण ८० अंशांच्या वर गेले की पुढच्या प्रत्येक दहा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होत जाते. आंबा किंवा कुंभार्ली घाट भर एप्रिलात चढणाऱ्या गाडीचे ऑईल ८०वर थांबत नाही. आपल्या पट्ट्यातल्या टॉर्क कन्व्हर्टर गाडीला आम्ही ६०,००० किमीची मर्यादा सांगतो.

गाडीला ऑईलची पट्टी असेल तर पांढऱ्या कागदावर एक थेंब घ्या. लालसर आणि पारदर्शक असेल तर ठीक. तपकिरी असेल तर जुने झाले. काळे आणि करपल्यासारखा वास असेल, शिवाय घाटात आरपीएम वाढूनही गाडी ओढत नसेल, तर आतल्या क्लचचे अस्तर जळले आहे आणि नव्या ऑईलने ते परत येणार नाही. तुमच्या पत्रात घसरण्याची तक्रार नाही, हिसक्याची आहे. ही चांगली खूण.

बदलण्याची रीत अशी. आठ-दहा किमी चालवून गाडी गरम करा, सपाट जागी उभी करा, खालचा ड्रेन बोल्ट काढा. निघालेले ऑईल मापाच्या बाटलीत मोजा, कारण तेवढेच परत भरायचे आहे. चार गिअरच्या बऱ्याच गाड्यांत एकूण सहा-सात लिटर ऑईल असते आणि ड्रेनमधून त्यातले तीन-साडेतीनच निघते. बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहते. म्हणून एकदा बदलून भागत नाही. निम्मे निघते असे धरा : पहिल्या वेळी ५० टक्के नवे, ३००-४०० किमी चालवून दुसऱ्यांदा केले की ७५ टक्के, तिसऱ्यांदा जवळजवळ ८८. तीन वेळा मिळून नऊ ते साडेदहा लिटर लागेल. मशीन लावून दाबाने एका झटक्यात सगळे बदलून देतो असे कुणी म्हणाले, तर इतकी वर्षे ऑईल न बदललेल्या गिअरबॉक्सला ते करू नका. तळाशी बसलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑईल हवे तिकडे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत अडकतो.

पहिल्या वेळी खालचे पॅन उतरवून जाळी बदला आणि पॅनमधले चुंबक बघा. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असणे नैसर्गिक आहे. नखाने टोचतील असे चमकते तुकडे दिसले तर तिथेच थांबून आम्हाला फोटो पाठवा. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. ऑईल पुस्तकात दिलेल्या दर्जाचेच. 'सगळ्या गाड्यांना चालते' असे लिहिलेला डबा स्वस्त पडतो, पण क्लच आवळताना ऑईलची जी पकड लागते ती प्रत्येक दर्जाची वेगळी असते, आणि हिसका नेमका तिथेच जन्मतो.

पातळी बघताना घाई नको. पट्टीच्या बहुतेक गाड्यांत इंजिन चालू, ऑईल गरम, दांडा सगळ्या जागांवरून एकदा फिरवून 'पी'त, अशी पातळी घेतात. होंडासारख्या काही गाड्यांत इंजिन बंद करून लगेच. पुस्तक सांगेल तसे करा. जास्त भरलेले ऑईल कमी ऑईलइतकेच वाईट : फिरत्या भागांनी ते घुसळले जाते, फेस येतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही.

तिसऱ्या बदलानंतरही दुसऱ्यातून तिसऱ्यातलाच हिसका उरला, तर मात्र सोलेनॉइड (ऑईलची विजेवर चालणारी झडप) तपासायचा. जपानी चार गिअरच्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये गिअर बदलणारा सोलेनॉइड थंड असताना ११ ते १५ ओहम दाखवतो आणि दाब सांभाळणारा ५ ओहमच्या जरा वर. आकडा यापासून फार लांब असेल तर सोलेनॉइड बदला. त्यासाठी व्हॉल्व्ह बॉडीपर्यंत जावे लागते, अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

प्रश्न : एएमटी हॅचबॅक, पाच वर्षे. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. चालता चालता मध्येच 'एन' लुकलुकतो, गाडी गिअर सोडते. बंद करून पुन्हा चालू केली की ठीक. पहिल्या-दुसऱ्या गिअरला मान पुढे जाते ती वेगळीच. गेल्या वर्षी क्लच प्लेट बदलली, तेव्हापासून उलट वाढले. (देवगड)

मान पुढे जाणे हा एएमटीचा स्वभाव आहे. क्लच एकच, तो सुटल्यावर क्षणभर ताकद थांबते. गिअर बदलायच्या बेताला ॲक्सिलरेटर किंचित सैल सोडण्याची सवय लावलीत की अर्धा त्रास जाईल. पण तुमच्या शेवटच्या वाक्यात खरा धागा आहे. नवी क्लच प्लेट बसवल्यावर ती कुठे पकडते, हे स्कॅनर लावून गाडीच्या कंट्रोल युनिटला (गिअर सांभाळणाऱ्या संगणकाला) शिकवावे लागते. हे शिकवणे राहिले तर युनिट जुन्या, झिजलेल्या प्लेटच्या हिशेबाने क्लच सोडत राहते. नव्या प्लेटनंतर हिसके वाढले, तर बिलावर 'क्लच कॅलिब्रेशन' किंवा 'लर्निंग' अशी नोंद आहे का बघा. नसेल तर तेवढेच काम करून घ्या. त्यासाठी काही उघडावे लागत नाही.

'एन' लुकलुकणे आणि बंद करून चालू केल्यावर बरे होणे, हे मात्र विजेचे दुखणे वाटते. घरी मल्टिमीटर असेल तर एवढे करा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, धरत नसेल तर बदला. स्टार्टर मारताना आकडा ९.६च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. मग अर्थिंग : मीटरची एक कांडी बॅटरीच्या ऋण खांबावर (वर बसवलेल्या पट्टीवर नव्हे, खांबावरच), दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५च्या वर गेला तर अर्थिंगची वायर किंवा तिचा बोल्ट गंजला आहे. समुद्रकाठी ही वायर बाहेरून धड दिसते आणि प्लास्टिकच्या आत तांब्याची हिरवी भुकटी झालेली असते.

साफ करताना आधी बॅटरीची ऋण वायर काढा. अर्थिंगचा बोल्ट उघडून दोन्ही पृष्ठभाग सॅंडपेपरने चमकेपर्यंत घासा, आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा, आधी नाही. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा चुना खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून धुवा, ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. ॲक्च्युएटरचे (क्लच आणि गिअर हलवणाऱ्या यंत्रणेचे) आणि कंट्रोल युनिटचे सॉकेट उघडून आत हिरवट डाग आहे का बघा. तिथे फक्त कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा वापरायचा. रॉकेल किंवा पेट्रोल नको, रबराचे सील फुगतात. खोबरेल तेलही नको. आपल्याकडे टर्मिनलला ते सर्रास चोपडतात, पण सॉकेटात ते धूळ धरते. वायरिंगवर उंदराचे दात उमटलेत का, तेही याच वेळी पाहून घ्या.

एवढे करून फरक नाही पडला तर पंप ऐका. हायड्रॉलिक, म्हणजे ऑईलच्या दाबावर चालणाऱ्या ॲक्च्युएटरच्या एएमटीत चालकाचे दार उघडले की दोन-तीन सेकंद 'घुंई' असा आवाज येऊन थांबतो. इंजिन बंद, किल्ली 'ऑन', ब्रेक दाबून 'एन', 'डी', 'आर' असे फिरवा. पंप दर बदलाला धावत असेल, तर दाब साठवणारे गोल भांडे (ॲक्युम्युलेटर) दमले आहे किंवा कुठे गळती आहे. भांड्याशेजारच्या छोट्या टाकीतले ऑईल खुणेखाली गेले असेल तर गळतीच. या नळ्यांत ४० बारहून जास्त दाब असतो, त्यामुळे नट स्वतः सैल करू नका. ज्या एएमटीत विजेच्या मोटरी गिअर बदलतात त्यांना हा पंप नसतो. तिथे वरची विजेची तपासणीच महत्त्वाची.

प्रश्न : गाडी अचानक तिसऱ्या गिअरलाच अडकली. स्कॅनरने पी०७०० आणि पी०७१५ असे दोन कोड दाखवले. कंट्रोल युनिट बदलायला सांगितले आहे, ते महाग आहे. (राजापूर)

युनिट बदलू नका. पी०७०० ही नुसती दारावरची घंटा आहे : 'गिअरबॉक्सच्या युनिटला काही सांगायचे आहे' एवढाच तिचा अर्थ. खरे बोलणे दुसऱ्या कोडमध्ये. पी०७१५ म्हणजे गिअरबॉक्सच्या आतल्या बाजूचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा संदेश नीट येत नाही. वेग कळत नसेल तर युनिट आंधळेपणाने गिअर बदलत नाही, गाडी एका मधल्या गिअरला धरून ठेवते. चार गिअरच्या गाडीत तो बहुधा तिसरा असतो. 'रिव्हर्स' चालतो, गाडी घरी पोचते. हे नुकसान टाळण्यासाठीच ठेवलेले आहे.

क्रम असा ठेवा : सेन्सरचे सॉकेट काढून गंज आणि ऑईल बघा, सॉकेटपासून युनिटपर्यंत वायर सलग आहे का मीटरवर तपासा, मग सेन्सर, आणि युनिट सगळ्यात शेवटी. कोड पुसण्याआधी स्कॅनरवरचे सगळे आकडे मोबाइलवर टिपून ठेवायला लावा. कोड उमटला तेव्हा गाडीचा वेग, तापमान आणि बॅटरीचे व्होल्टेज काय होते, हे त्यात नोंदलेले असते, आणि पुसले की गेले. सोबत पी०५६२ दिसला, म्हणजे व्होल्टेज कमी, तर वरच्या उत्तरातली बॅटरी-अर्थिंगची तपासणी आधी करा.

प्रश्न : जुनी टॉर्क कन्व्हर्टर गाडी घेतोय. विकणारा म्हणतो पुरात नव्हती. पट्टीवरचे ऑईल गुलाबी दुधासारखे दिसते. गाडी चालवून पाहिली, थोडे हिसके आहेत. ऑईल बदलून चालेल का? (चिपळूण)

घेऊ नका. या पत्राला आमचे उत्तर नेहमीपेक्षा उलटे आहे.

गुलाबी दूध म्हणजे ऑईलमध्ये पाणी. २२ जुलै २०२१च्या वाशिष्ठीच्या पुरानंतर चिपळूणकरांना पाण्यात बुडालेल्या गाड्या नवीन नाहीत, पण गिअरबॉक्समध्ये पाणी कसे शिरते हे फारसे कुणी सांगत नाही. गिअरबॉक्सच्या डोक्यावर हवा जायला एक बारीक नळी असते. गरम गिअरबॉक्स एकदम पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि नळीतून पाणी खेचले जाते. सील शाबूत असूनही. आतल्या क्लच प्लेटांवर कागदासारखे अस्तर गोंदाने चिकटवलेले असते. पाणी त्या अस्तरात मुरते, गोंद सुटतो, अस्तराचे पापुद्रे निघतात. आज हिसका आहे, काही महिन्यांनी गाडी जागची हलणार नाही.

पाणी यायची दुसरी वाट रेडिएटरची. बऱ्याच गाड्यांत गिअर ऑईलचा कूलर रेडिएटरच्या पोटातच असतो. तो आतून गंजून फुटला की कूलंट ऑईलमध्ये आणि ऑईल कूलंटमध्ये जाते. कूलंटच्या बाटलीत तेलकट साय दिसली तर हेच झाले आहे, मग गाडी पुरात नव्हती हे विकणाऱ्याचे म्हणणे खरेही असू शकेल. दुखणे तेवढेच मोठे.

खात्री करायला जुना पोलादी चमचा गॅसवर चांगला तापवा, गॅस बंद करा, चमचा चिमट्यात धरून बाहेर अंगणात न्या आणि त्यावर ऑईलचा एक थेंब टाका. फोडणीसारखे तडतडले तर पाणी आहे. चेहरा लांब ठेवा.

ही गाडी आधीच तुमची असती आणि पाणी कालच शिरले असते, तर वाचवता आली असती : इंजिन सुरू न करता ट्रकवर चढवून नेणे, सगळे ऑईल काढणे, जाळी बदलणे, कूलरच्या नळ्या धुणे, आणि थोडे थोडे चालवून दोन-तीन वेळा नवे ऑईल. दोरीने ओढून मात्र न्यायची नाही. ऑटोमॅटिकचा ऑईल पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरतायत, म्हणजे आतले भाग कोरडे घासतायत. पाणी पोटात घेऊन गाडी काही दिवस चालली असेल तर गिअरबॉक्स उघडण्यावाचून इलाज नाही. तो खर्च किमतीतून वजा करूनही आम्ही ही गाडी घ्यायला सांगणार नाही.

प्रश्न : सीव्हीटी गाडीत गावातल्या गॅरेजने 'ऑटोमॅटिकचे लाल ऑईल' भरले. आता २०-३०च्या वेगाला थरथरते. (कुडाळ)

गाडी आज, आत्ता थांबवा. सीव्हीटीचा पोलादी पट्टा पुलीच्या उतारावर निव्वळ पकडीने चालतो. सीव्हीटीचे ऑईल ती पकड राखायला बनवलेले असते, ऑटोमॅटिकचे साधे लाल ऑईल (एटीएफ) नाही. पट्टा घसरला की पुलीवर ओरखडे उठतात आणि ओरखडलेली पुली दुरुस्त होत नाही. जागेवरच ऑईल काढून पुस्तकात दिलेले सीव्हीटी ऑईल भरून घ्या, पन्नासेक किमीनंतर पुन्हा एकदा, आणि त्यानंतर आणखी एकदा. थरथर गेली तर वेळेत सावरलात. घूं-घूं असा आवाज वेगाबरोबर चढत असेल तर पट्ट्याला किंवा बेअरिंगला इजा झाली आहे.

प्रश्न : सुट्टीत पाहुणे गाडी थेट वाळूत घालतात. ऑटोमॅटिकला काही होते का? (गुहागर)

होते. रुतलेल्या चाकांवर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑईलमध्ये उष्णता होऊन जिरते, आणि काही मिनिटांत ऑईल करपते. एएमटी किंवा डीसीटीत तीच उष्णता क्लच प्लेटवर जाते. रुतलीच तर चाके फिरवणे ताबडतोब थांबवा. चारही टायरची हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, फळ्या किंवा झावळ्या घाला, माणसे उतरवा, आणि दांड्यावर 'एल' किंवा '२' असेल तर त्यात, नाहीतर मॅन्युअल मोडच्या खालच्या गिअरला सावकाश काढा. 'डी'तून 'आर'मध्ये जाण्याआधी चाके पूर्ण थांबली पाहिजेत. बाहेर आल्यावर जवळच्या पंपावर हवा भरा आणि त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी खालून धुवा.

प्रश्न : गणपतीला मुंबईहून येताना माणगावच्या कोंडीत 'गिअरबॉक्स गरम' असा संदेश आला. कोरड्या क्लचची डीसीटी. त्यानंतर पहिल्या गिअरला थरथरते. (सावंतवाडी)

कोंडीत गाडी मुंगीच्या पावलाने सरकत राहिली की क्लच अर्धवट पकडीत घासत राहतो. कोरड्या क्लचला थंड करायला ऑईलही नसते. पुढच्या गाडीमागे चिकटून सरकू नका. दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच मोकळेपणाने पुढे जा आणि ब्रेक पक्का दाबून थांबा. ब्रेक अर्धवट दाबून सरकणे सगळ्यात वाईट. पाच-दहा मिनिटांची कोंडी असेल तर 'एन' किंवा 'पी' आणि हँडब्रेक. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरणे बंद.

संदेश आला की बाजूला घेऊन 'पी' लावा आणि संदेश जाईपर्यंत थांबा. इंजिन चालू ठेवायचे की बंद, ते पुस्तकात दिलेले असते. ह्युंदाईसारख्या काही गाड्यांचा संदेशच 'इंजिन चालू ठेवून थांबा' असा असतो. आताच्या थरथरीसाठी आधी सर्व्हिस सेंटरमध्ये क्लचचे कॅलिब्रेशन करून घ्या. तापलेल्या प्लेटवर चमक चढलेली असते, आणि थोडी असेल तर मोकळ्या रस्त्यावर काही दिवस चालून ती जाते. महिन्याभरात फरक पडला नाही तर स्कॅनरवर दोन्ही क्लचची उरलेली जाडी वाचायला सांगा. दुखणे क्लच १चे आहे की क्लच २चे, हेही त्यावरून कळेल. सात गिअरच्या डीसीटीत विषम गिअर सहसा एका क्लचवर आणि सम दुसऱ्यावर असतात, म्हणून थरथर फक्त पहिल्याला आहे की तिसऱ्या-पाचव्यालाही, ते नोंदवून न्या.

प्रश्न : दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या रॅम्पवर एएमटी मागे सरकते, मग एकदम उडी मारते. (दापोली)

एएमटीत ब्रेक सोडल्यावर क्लच पकडायला क्षणभर लागतो आणि चढावर तेवढ्यात गाडी सरकते. घाबरून ॲक्सिलरेटर जोरात दाबला की पकड एकदम येते, तीच उडी. रॅम्प ओला आणि शेवाळलेला असेल तर चाकही फिरते. रॅम्पच्या आधीच हँडब्रेक ओढून थांबा. बोटीवरचा माणूस हात करेल तेव्हा पायब्रेक सोडा, ॲक्सिलरेटर हलका दाबून धरा, गाडीचे नाक जरासे उचललेले जाणवले की हँडब्रेक सावकाश सोडा. उलटी चढवायची असेल तर 'आर'मध्ये हेच. तेव्हा नाकाऐवजी मागची बाजू उचलली जाते. हिल होल्ड असलेल्या गाडीत ब्रेक सोडल्यावर दोनेक सेकंद मिळतात, पण ओझे भरलेल्या गाडीत हँडब्रेकच खात्रीचा. बोटीवर इंजिन बंद, हँडब्रेक पक्का, आणि एएमटीला 'पी' नसल्याने पुस्तकात सांगितल्याप्रमाणे गाडी गिअरमध्ये ठेवून किल्ली काढा. पलीकडे उतरल्यावर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे ॲक्च्युएटरपर्यंत गेलेले असतात. घरी पोचल्यावर खालून साध्या नळाच्या पाण्याने धुवा. प्रेशरचा फवारा सॉकेटांवर मारू नका.